खेळाची छापील किंमत आणि खरी किंमत

व्हिडिओ गेम महागले, अशी ओरड जगभर ऐकू येते. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ अमेरिकेत ८० डॉलरला विक्रीस आणला, तेव्हा या ओरडीला अधिकच जोर आला. आकडे मात्र निराळेच सांगतात. १९९० साली तेथे नव्या खेळाच्या कार्ट्रिजला सुमारे ५० डॉलर पडत. २००५ च्या सुमारास हा दर ६० वर आणि २०२० मध्ये ७० वर गेला. १९९० पासून आजवर तेथील सर्वसाधारण भावपातळी मात्र जवळजवळ अडीच पट झाली आहे. म्हणजे त्या वेळचे ५० डॉलर आजच्या सव्वाशेच्या घरात जातात. चिप बसविलेल्या महागड्या कार्ट्रिजची जागा स्वस्त तबकडीने घेतली, गिऱ्हाईक वाढले, आणि खेळ वस्तुतः स्वस्त झाला.

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वसाहतीतील गृहस्थाचे या हिशेबाने समाधान होणार नाही; कारण त्याचा पगार रुपयांत होतो. १९९० मध्ये डॉलर साडेसतरा रुपयांच्या आसपास होता; २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला. प्लेस्टेशन ४ च्या नव्या खेळाला भारतात सुमारे चार हजार रुपये पडत, प्लेस्टेशन ५ च्या खेळाला पाच हजार. भाववाढ जमेस धरली तर ही वाढ मोठी नव्हे. पण घराचा हप्ता, सोसायटीची वर्गणी, शाळेची फी आणि लोकलचा पास भागवून उरणाऱ्या शिलकीतून पाच हजार काढणे किती घरांना झेपेल?

म्हणूनच येथील मुलांचा ओढा मोबाइलवरील ‘फुकट’ खेळांकडे आहे, आणि खरी मेख तेथेच आहे. दुकानातील खेळाची किंमत एकदाच मोजावी लागे. नंतर तो मित्राला उसना देता येई, विकताही येई. फुकट खेळात पोशाख, शस्त्रे, ‘पास’ यांच्या नावाने शंभर-दोनशे रुपये पुनःपुन्हा मोजावे लागतात, आणि घेतलेली वस्तू सहसा विकताही येत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली, तेव्हा त्यात ओतलेल्या पैशाचे काय, हा प्रश्न असंख्य घरांत उभा राहिला. भाववाढीचा निर्देशांक ही गळती मोजत नाही.

उपाय अशक्य नाही. बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे; मग मुलांच्या खेळात एकूण किती खर्च संभवतो, हे आरंभीच स्पष्ट मराठीत का सांगू नये? खर्चाचे खरे स्वरूप दडवून थेंबाथेंबाने किंमत वाढविण्याला केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसवी प्रथा ठरविले आहे. त्यांची अंमलबजावणी या खेळांबाबतही कसोशीने व्हावी. अल्पवयीनांच्या खरेदीस मासिक मर्यादा आणि पालकांची संमती सक्तीची करावी. पालकांनीही यूपीआयचा गुप्त क्रमांक मुलाच्या हाती देऊ नये.

पाच हजारांचा खेळ महाग आहे, पण त्याची किंमत डोळ्यांना दिसते. जी किंमत दिसतच नाही, तिच्याविषयी नाही म्हणण्याची संधीही गृहस्थाला मिळत नाही. ती संधी त्याला मिळवून देणे हे सरकारचे काम आहे.