तळघर ते कोर्ट

पँथर हे नाव आपण १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्यांकडूनच घेतलं. म्हणून त्यांच्या अटलांटा शहरातल्या रॅपबद्दल स्पष्टच बोलतो. १९९५ला न्यूयॉर्कात आउटकास्टला पुरस्कार मिळाला तेव्हा थेटरभर हुर्यो उडाली. का? तर ही दक्षिणेतली गावंढळ पोरं! आंद्रेनं स्टेजवरूनच सुनावलं, दक्षिणेलाही काही सांगायचंय. रिको वेडच्या आईच्या घराखालच्या मातीच्या तळघरात तयार झालेला आवाज तो. त्याच साली गुडी मॉबचा 'सोल फूड' आला. कुंपणं, पोलीस, देव, आईच्या हातचं जेवण, सगळं एका दमात. माझ्या मते या शहराचं अस्सल काम तेच.

२००३ला टी.आय.चं 'ट्रॅप म्युझिक' आलं. ट्रॅप म्हणजे गर्द विकायचा अड्डा. कंपन्यांना हा माल आवडला, मग पुष्कळ पोरं तीच टेप घासत बसली. भिकार ते भिकारच, काळ्यांचं म्हणून सूट नाही.

पण २०२२ला यंग थगला पकडलं, खटल्यात त्याच्या गाण्यांच्या ओळी पुरावा म्हणून मांडल्या. २०२४ला काही आरोप कबूल करून तो सुटला; साधू नव्हेच तो. पण गोऱ्या जॉनी कॅशनं १९५५ला गाण्यात माणूस मारला, त्या ओळीसाठी त्याला कुठल्या कोर्टानं बोलावलं?