कट कुठे झाला?



मुडबीत आमच्या घरी शुक्रवारी रात्री जेवणं लवकर उरकायची, कारण ‘सीआयडी’ असायचं. एसीपी प्रद्युमन म्हणजे शिवाजी साटम, म्हणजे ‘आपला माणूस’, असं आम्ही म्हणायचो. शेजारची कन्नड पोरं दयावर हक्क सांगायची, कारण दयानंद शेट्टी उडुपीकडचा. बिचाऱ्या अभिजीतला गावात कुणीच वाली नव्हता!

आमचा दावा तसा बरोबरच होता. ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ला सुरू झाली, पण दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि साटम ही जोडी त्याआधीच मुंबई दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी पोलीस मालिकेत जमली होती. (१०० हा पोलिसांचा नंबर. आता ११२ आलाय, त्यामुळे आजच्या मुलांना हे नाव समजावून सांगावं लागतं.) साटम मूळचे बँकेतले नोकरदार आणि सिंग दूरदर्शनच्या बातम्यांचे कॅमेरामन. बातमीत रीटेक नसतो. घडतंय तोवर टिपायचं. सिंग यांचा कॅमेरा माणसांच्या मागे पळतो तो त्याच सवयीने, असं मला वाटतं.

या सवयीचं टोक म्हणजे ‘द इनहेरिटन्स’ हा एपिसोड. ८ ऑक्टोबर २००४ला त्याचं शूटिंग झालं, सलग १११ मिनिटं, एकही कट न घेता. लिम्का आणि गिनेस या दोन्ही रेकॉर्ड बुकांत त्याची नोंद झाली. विचार करा, शंभराव्या मिनिटाला कुणी एक वाक्य विसरला की सगळं पहिल्यापासून! कॅमेरा खोलीभर फिरणार, मग लाइटवाल्याने लपायचं कुठे? आम्ही सॉफ्टवेअरवाले रात्री नवीन व्हर्जन टाकताना जुनं जवळ ठेवतो, बिघडलं तर मागे फिरायला. इथे मागे फिरायची सोयच नव्हती.

७ नोव्हेंबर २००४, रविवार. मी आठवीत होतो. आबांचा या ‘एका टेक’वर काडीचा विश्वास नव्हता. “कट केलंच असणार, मी पकडतो बग,” म्हणत ते चष्मा पुसून टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसले. गोष्टीत कोण मेलं, कुणी मारलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कुणाची पाठ कॅमेऱ्यासमोर आली की बोट दाखवायचे, “इथं!” मी म्हणायचो, “नाही आबा, तोच माणूस चाललाय अजून.”

अर्ध्यात करंट गेला. अंधारात आबांचा आवाज आला, “बग, झाला की नाही कट!”

कंदील लावून आम्ही तासभर वाट पाहिली. करंट आला तोवर एपिसोड संपला होता.

तो पूर्ण पाहिला बेंगळुरूला नोकरी लागल्यावर, लॅपटॉपवर. तेव्हा आबा नव्हते. दार, पाठ, अंधार, जिथे जिथे कट लपवता येतो तिथे थांबवून, मागे नेऊन पाहिलं. मला सापडला नाही. तुम्हाला सापडला तर जरूर कळवा, आबांच्या बाजूने एक मत वाढेल.