दुसरा आवाज

गेल्या महिन्यात आप्पांचं वर्षश्राद्ध होतं म्हणून अक्कलकोटला गेले होते. दुपारची पंगत उठली, भांडी पडली, आणि भाचा म्हणाला, "आत्या, सगळ्यांना हॉलमध्ये बोलाव. एक गंमत आहे."

त्याने स्पीकर लावला. आधी बासरी आली, मग कीबोर्ड, मग ढोलकीसारखं काहीतरी, आणि त्या सगळ्यातून एकदम आप्पांचा आवाज! १९८८ सालची जुनी कॅसेट त्याने कुठून तरी शोधून काढली होती, संगणकावर घेतली होती, खरखर काढली होती आणि वर साज चढवला होता. आईने पदर डोळ्यांना लावला. खोटं कशाला सांगू, मीही रडले.

पण रात्री पुण्याच्या गाडीत झोप येईना. काहीतरी खटकत होतं, काय ते कळत नव्हतं. दौंड यायच्या सुमारास ट्यूब पेटली. मास्तर कुठे होते?

घरच्यांना हे ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते. आमचे आप्पा कधी एकटे गायले नाहीत. ते आणि मास्तर, अशी जोडी होती. आमचं गाव सीमेवरचं. एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत कन्नड, आणि बाजारात दोन्हींची मिसळ. पेटी आप्पांची, मास्तरांच्या हातात फक्त टाळ. आप्पा मराठी अभंग धरायचे, मधेच मास्तर कन्नड तत्त्वपद उचलायचे आणि पुन्हा दोघं मिळून अभंगावर यायचे. आप्पांचा आवाज भारदस्त, खालचा. मास्तरांचा पातळ, चढा, कधी कधी थोडा सुटणारा. गुरुवारी रात्री आमच्या ओसरीवर हे चालायचं. ऐकायला पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी चहाच्या आशेने.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, ते दुसरे आजोबा बेसूर होते. त्यांचा ट्रॅक वेगळा करून काढून टाकला. कन्नड भाग पण कापला, कोणाला कळणार?"

तेव्हापासून मला सारखी एका रेकॉर्डची आठवण येते आहे. नोकरीच्या सुरुवातीला पुण्यात रूम पार्टनरकडे सायमन आणि गारफंकल यांची एक सीडी होती. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये २२ जानेवारी १९६७ला झालेल्या मैफलीचं ते ध्वनिमुद्रण. मैफल झाली १९६७ साली आणि रेकॉर्ड बाजारात आली २००२ साली, तब्बल पस्तीस वर्षांनी! १९ गाणी, एक गिटार आणि दोन गळे. बस्स. इंग्रजी गाण्यांतलं मला तेव्हाही फार कळत नव्हतं, आताही नाही. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपली ओसरी आहे.

या जोडीचं 'साउंड ऑफ सायलेन्स' हे गाणं आधी १९६४च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर नुसत्या साध्या साथीवर होतं. ती रेकॉर्ड पडली. पॉल सायमन इंग्लंडला निघून गेला. मग १९६५ साली निर्माता टॉम विल्सन याने दोघांनाही न विचारता त्याच गाण्यावर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. जानेवारी १९६६मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आणि वर्षभराने हे दोघे लिंकन सेंटरच्या मंचावर आले तेव्हा त्यांनी तेच गाणं पुन्हा नुसत्या गिटारवर म्हटलं. चढवलेला साज त्यांनी दारातच काढून ठेवला.

माझा भाचा हुशार आहे. हे सांगितल्यावर लगेच म्हणाला, "म्हणजे बघ आत्या, तो साज चढवला नसता तर त्यांना त्या हॉलमध्ये कोणी बोलावलंच नसतं!"

खरं आहे. मला उत्तर देता येईना. साज चढवणं वाईट असं माझं म्हणणंच नाही. त्याच्या वयाची पोरं एरवी आप्पांचा अभंग दहा सेकंदही ऐकणार नाहीत. त्या बासरीमुळे त्यांनी पूर्ण ऐकला. पण टॉम विल्सनने सगळं वाढवलं, गारफंकलला पुसून टाकलं नाही. फरक इथे आहे.

आणि पुसायचंच म्हटलं तर गारफंकलइतका सोपा माणूस नाही. गाणी बहुतेक सगळी सायमनची, गिटार सायमनची. हा उंच कुरळ्या केसांचा माणूस नुसता बाजूला उभा राहून गातो. याचं काय काम, असं कोणालाही वाटेल. ती मैफल ऐकली की कळतं. गाणं एकाचं असतं, पण ते जिथे टेकतं ती भिंत दुसऱ्याची असते. त्या मैफलीत मधेच त्यांनी एक लॅटिन प्रार्थनासुद्धा म्हटली आहे. समोरच्या किती जणांना लॅटिन येत होतं? कोणी कापली नाही ती!

त्याच हॉलमध्ये आपलीही एक जोडी वाजवून गेली आहे. ८ ऑक्टोबर १९७२ला रविशंकर आणि अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा. दोघांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ जेमतेम महिन्यापूर्वी, ६ सप्टेंबरला गेले होते. बाबा अली अकबरांचे वडील आणि रविशंकरांचे सासरे. पण अन्नपूर्णादेवींशी रविशंकरांचा संसार तोवर मोडलेला होता. एवढं सगळं मधे असताना दोघं शेजारी बसून वाजवतात. ती रेकॉर्ड मी ऐकते तेव्हा सतार कुठली आणि सरोद कुठला हे वेगळं काढायची मला इच्छाच होत नाही.

आणखी एक गंमत. हा एवढा नामांकित हॉल १९६२ साली उघडला तेव्हापासून त्यातल्या आवाजाबद्दल तक्रारी होत्या. शेवटी १९७६ साली आतून पार उखडून पुन्हा बांधला. नाव दोनदा बदललं, २०२२ साली तर पुन्हा सगळा नवा केला. म्हणजे १९६७ची ती खोली आता कुठेच नाही, फक्त त्या ध्वनिफितीत आहे. आमची ओसरीसुद्धा स्लॅबचं घर बांधताना गेली. ती आता त्या कॅसेटमध्येच आहे.

म्हणून माझं मत सांगते. जुना आवाज हाती लागला तर आधी तो जसा आहे तसा, खोकल्यासकट, कुत्र्यासकट उतरवून ठेवावा. मग त्याच्या प्रतीवर हवी ती बासरी वाजवा. खरखर कोणती आणि माणूस कोणता, हे ठरवायची घाई करू नये. आणि दोघांचं गाणं असेल तर एकट्याच्या नावावर करू नये. आमच्या आप्पांनाच ते आवडलं नसतं. मास्तर आले नाहीत त्या गुरुवारी ते पेटी उघडतच नसत.

नशिबाने भाच्याने मूळ फाइल ठेवली होती. ती मागवून ऐकली. त्या रात्री लाईट गेली होती आणि चुलतभावाने सेलवर टेप चालवली होती. सेल उतरले की टेप हळू फिरते आणि नंतर नीट वेगाने लावली की आवाज चढतो. शेवटी शेवटी मास्तर बेसूर झालेले नाहीतच. दोघांचेही आवाज मिळून वर गेले आहेत! बेसूर होते ते आमचे सेल. हे सांगितल्यावर भाचा फोनवर बराच वेळ गप्प होता.

अभंग संपतो तिथे बाईमाणसाचा आवाज येतो, "भाळ छलो!" म्हणजे फार छान. भाच्याने हाही काढला होता.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची मुलगी कलबुर्गीला असते. दोन्ही घरांचं येणंजाणं मधल्या काळात उगाच थांबलं, त्याचं कारण आता कोणाला आठवतही नाही. नंबर मिळवून तिला फाइल पाठवली. तिच्याकडे वडिलांच्या आवाजाचं काहीच नव्हतं. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. वडिलांबद्दल बोलेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "अक्का, शेवटी भाळ छलो म्हणतंय ते ऐकलंस? ती आमची अव्वा."