आरीचे टोक आणि मण्याचे भोक

आरीवर्कचे वर्ग आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. लग्नसराईत ब्लाउजच्या पाठीवर आणि बाह्यांवर मण्यांचे काम करून घेण्याची चाल पडली आहे, आणि ते शिकून घरबसल्या चार पैसे मिळवणाऱ्या स्त्रियांत आमच्या काही माजी विद्यार्थिनीही आहेत. या वर्गांविषयी आमची एक तक्रार आहे. पहिल्याच दिवशी शिकणारीच्या हाती तयार संच दिला जातो: एक आरी, एक रिंग, दोऱ्याची रिळे आणि मण्यांच्या पुड्या. मग थेट टाके सुरू. ही आरी का, हे मणी का, हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि कोणी त्याचे उत्तर देत नाही. कविता पाठ करून घ्यावी पण शब्दकोश उघडायला शिकवू नये, तसाच हा प्रकार आहे.

मराठीत आरी म्हणजे मुळात चांभाराचे हत्यार. ते भरतकामात आले यात नवल नाही. कच्छमध्ये रेशमी साखळीटाक्याचे जे नाजूक काम नावाजले गेले, त्याला मोचीभरतच म्हणतात. चामड्याला भोक पाडणाऱ्या टोकाला बारीक आकडा आला, ते कापडातून खाली जाऊन दोरा वर ओढू लागले, आणि टाक्यात टाका गुंतत गेला. अठराव्या शतकात हाच टाका युरोपात लोकप्रिय झाला. तिथे कापड ढोलासारखे ताणत, म्हणून फ्रेंचांनी त्याला ढोलाचेच नाव दिले. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या ईशान्येकडील लुनेव्हिल या गावी या आकड्याने मणी आणि टिकल्या बसवण्याची रीत रुळली.

मण्यांपाशी आल्यावर मात्र दोन वाटा फुटतात, आणि साहित्याची सारी निवड या फाट्यावर ठरते. लुनेव्हिलच्या रीतीत मणी आधीच दोऱ्यात ओवलेले असतात. कापडाची उलट बाजू वर ठेवून काम चालते. मणी खालच्या, म्हणजे सुलट बाजूला बसत जातात आणि कामकरणीला ते दिसतही नाहीत. आपल्याकडे अड्ड्यावर सुलट बाजू वर असते. कारागीर आरीच्या टोकावरच मणी उचलतो आणि एकेक मणी पुढे सरकवून दोऱ्याच्या फासात बसवतो.

फरक नुसत्या सवयीचा नाही. पहिल्या रीतीत मण्याच्या भोकातून फक्त एकेरी दोरा जातो. दुसऱ्या रीतीत आरीचे टोक जायला हवे आणि पाठोपाठ दुहेरी दोराही. म्हणून आपल्या पद्धतीने काम करणारीने आधी मणी हाती घ्यावा, त्याचे भोक पाहावे आणि मग आरी निवडावी. मण्यांची आरी दूरपर्यंत सारखी बारीक असते. दोराकामाची आरी टोकापासून लगेच जाड होत जाते आणि तिच्यावर मणी अडतो. संचात बहुधा दुसरीच निघते. मणी फुटतो, आणि शिकणारीला वाटते, आपला हात जड आहे!

लुनेव्हिलची आरी घ्यायची असेल, तर सुई पकडणारा स्क्रू आणि आकड्याचे तोंड एका रेषेत लावावे. आकडा कापडाखाली दिसत नाही. तो कुठे वळला आहे हे त्या स्क्रूवरूनच कळते. आपल्या साध्या आरीच्या मुठीवर पेनाची एक खूण केली, तरी नवशिक्या हाताचे भागते. आरी कोणतीही असो, विकत घेतल्यावर पहिल्यांदा ऑर्गंझाच्या तुकड्यातून खाली-वर करून पाहावी. कापडाचे धागे ओढले गेले, तर आकड्याची कड खरखरीत आहे. बारीक पॉलिश पेपरने ती घासावी, नाहीतर आरी बदलावी. ब्लाउजपिसावर प्रयोग करू नये.

मण्यांच्या आकड्यांची गंमत अशी, की आकडा वाढतो तसा मणी लहान होतो. ११/० चा मणी साधारण दोन मिलिमीटरचा, १५/० चा त्याहून बारीक. जपानी मणी एकसारखे आणि रुंद भोकाचे. चेक मणी दोऱ्यात ओवलेल्या लडींतही मिळतात, म्हणून लुनेव्हिलच्या रीतीला सोयीचे. आपल्याकडचे स्वस्त मणी कमी-जास्त आकाराचे निघतात. ते वाईटच असतात असे नाही. भरगच्च बुट्टीत खपून जातात, पण सरळ ओळ भरायची तर आधी निवडत बसावे लागते, आणि त्या वेळाची मजुरी कोणी देत नाही. नळीच्या मण्यांची कड धारदार असते. दोन्ही टोकांना एकेक गोल मणी ठेवला नाही, तर ती दोरा कापते.

सगळ्यात मोठी परीक्षा घामाची. ब्लाउज हे भिंतीवर टांगायचे चित्र नव्हे. वरवर रंग दिलेले मणी काखेजवळ रंग सोडतात, मुलामा काळवंडतो. ओल्या पांढऱ्या फडक्यावर चार मणी चोळून पाहायला दोन मिनिटे लागतात. दुकानदार नाक मुरडतो, मुरडू द्यावे.

हे सारे आम्ही आग्रहाने मांडतो याला कारण आहे. ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर दिओर या फ्रेंच फॅशनघराने आपली वस्त्रे मिरवली, तेव्हा मुंबईतल्या भरतकामाचे कौतुक जगभर झाले. कौतुक योग्यच होते. पण गावातल्या ज्या बाईने आठ दिवस खपून वधूचा ब्लाउज भरला, तिचे मणी वरातीत ओघळले तर तिच्या दारी पुन्हा कोणी येत नाही. साखळीटाक्याचा स्वभाव असा, की शेवटची गाठ नीट बसली नाही आणि ते टोक ओढले गेले, तर ओळच्या ओळ उसवते. रेशमासारखा चमकणारा गुळगुळीत दोरा ही गाठ धरत नाही. मणीकामाला पीळदार सुती किंवा पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा, आणि तो कापण्यापूर्वी गाठ नखाने ओढून पाहावी.