नाव कंपनीचे, जोखीम कुळाची

मंडणगड तालुक्यात पोटासाठी मुंबई गाठलेला माणूस नाही असे घर विरळाच. पूर्वी तो गिरणीत जाई. १९८२ च्या संपानंतर तो आधार तुटला आणि पुढची पिढी उपाहारगृहे, गोदामे, कचेऱ्या यांत विखुरली. निवृत्तीच्या वेळी हाती आलेला भविष्यनिर्वाह निधी गावी एखाद्या गाळ्यात गुंतवावा, एवढीच या माणसाची आकांक्षा असते. नामांकित खाद्यपदार्थांच्या 'फ्रँचायझी'च्या जाहिराती अशाच पुंजीला साद घालतात.

या व्यवहारात धंदा नेमका कोणाचा? गाळ्याचे भाडे, भट्टी, नोकरांचे पगार आणि तोटा परवानाधारकाच्या माथी. पाटीचा रंग, पदार्थाचे नाव आणि जाहिरातीचा मजकूर ठरविणार मात्र मालक कंपनी. बहुतेक करारांत स्थानिक वृत्तपत्रातील चार ओळींच्या जाहिरातीलाही तिची पूर्वसंमती लागते, शिवाय सामायिक जाहिरात-निधीत विक्रीचा ठरावीक हिस्सा भरावा लागतो तो निराळाच. बरे, त्यातून मिळविलेला लौकिक तरी त्याचा? तोही नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे ४८ वे कलम सांगते की, परवानगीने केलेला वापर हा चिन्हाच्या मालकाचाच वापर समजावा. पंधरा वर्षे सचोटीने गिऱ्हाईक जोडावे आणि करार संपताच ते कंपनीच्या खाती जमा व्हावे! कुळाने कसावे आणि खोताने न्यावे, हा प्रकार कोकणाला नवा नाही. ती खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडणाऱ्या डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले.

या मालकी हक्काचा फटका कोणाला बसतो, ते दिल्लीत दिसले. मॅक्डोनल्ड्स आणि तिचा उत्तर भारतातील भागीदार यांचे भांडण २०१३ पासून चालले. जून २०१७ मध्ये दिल्लीतील ४३ उपाहारगृहे बंद पडली आणि त्याच वर्षी कंपनीने १६९ उपाहारगृहांचा नावाचा परवाना रद्द केला. २०१९ मध्ये दोन धनिकांची तडजोड झाली. मधल्या काळात टांगणीला लागले ते तव्यापाशी उभे राहणारे कामगार. त्यांचा या करारावर अंगठाही नव्हता.

जाहिरातीतील शब्दांवर सरकारने बोट ठेवले तर काय घडते? तेव्हाच्या अहमदनगरमधील याच नावाच्या एका उपाहारगृहाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने स्थगित केला. 'चीज' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत दुग्धजन्य चीजऐवजी पर्यायी पदार्थ असल्याचा आक्षेप होता. आपण खरेच चीज वापरतो, असे कंपनीचे म्हणणे होते. तरीही २०२४ च्या प्रारंभी महाराष्ट्रातील पदार्थांच्या नावांतून तो शब्द गळाला. पदार्थाचे नाव साऱ्या राज्यात एकच, पण परवान्यावर गदा आली ती एका दुकानाच्या.

पुण्यातील 'बर्गर किंग' या छोट्या उपाहारगृहाची कथा याहून बोलकी आहे. अमेरिकन कंपनीने भारतात पहिले दुकान २०१४ मध्ये उघडले. पुण्याचे हॉटेल १९९२ च्या सुमारापासूनचे. कंपनीने २०११ मध्ये दावा लावला, तो ऑगस्ट २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने फेटाळला. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने अपील निकाली निघेपर्यंत नाव वापरण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. तेरा-चौदा वर्षे वकिलांची फी भरणे किती दुकानदारांना झेपेल?

नावाचे रक्षण आमच्या बागायतदारालाही कागदावर मिळालेच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या पाच जिल्ह्यांसाठी हापूसची भौगोलिक चिन्ह म्हणून नोंद झाली. खोटे व्यापारचिन्ह असो वा खोटे भौगोलिक चिन्ह, शिक्षा सारखीच: सहा महिने ते तीन वर्षे कैद. तरी परप्रांतीचा आंबा हापूसच्या पेटीतून खुशाल विकला जातो, कारण बागायतदारापाशी कंपन्यांसारखी वकिलांची फौज नाही.

ज्या अमेरिकेतून ही पद्धत आली, तेथे १९७९ पासून फ्रँचायझी विकणाऱ्याला आपला सारा तपशील आगाऊ लेखी द्यावा लागतो. आता ही मुदत किमान चौदा दिवसांची आहे. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदाच नाही. तो व्हावा, जाहिरात-निधीचा हिशेब परवानाधारकाला दाखविणे सक्तीचे व्हावे, करार मोडल्यास कामगारांचे वेतन मालक कंपनीवरही बंधनकारक असावे आणि कराराची प्रत मराठीत मिळावी, ही मागणी विधिमंडळापर्यंत नेली पाहिजे. तोवर मंडणगडच्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे: गावातला कोणी आयुष्याची पुंजी घेऊन सहीला निघाला, तर आधी त्याच्याबरोबर बसून करार शेवटच्या पानापर्यंत वाचावा.