मिठाच्या पाण्याचा तलाव आणि लाल डोळे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की दवाखान्यातली गर्दी बदलते. परीक्षेच्या काळातली पोटदुखी आणि डोकेदुखी एकदम नाहीशी होते आणि त्यांच्या जागी सायकलवरून पडलेली, कैऱ्या खाऊन घसा बसलेली आणि पोहायला जाऊन डोळे लाल झालेली मुले येऊ लागतात. यंदा या शेवटच्या प्रकारातली मुले जरा जास्तच आली. डोळे चुरचुरणे, कातडी कोरडी पडून खाजणे, दोघातिघांचे कान ठणकणे. चौकशी करता बहुतेकजण एकाच नव्या जलतरण तलावावर जाणारी निघाली. मी म्हटले, पाण्यात क्लोरीनचा घोळ असेल. त्यावर एका मुलाची आई जवळजवळ रागावलीच. "डॉक्टर, तिथे क्लोरीन नाहीच. मिठाच्या पाण्याचा तलाव आहे तो. म्हणून तर जास्त फी भरून घातला ना मुलाला!"

हा समज त्या एका माउलीचा नाही. तलावाच्या जाहिरातीत 'खाऱ्या पाण्याचा, नैसर्गिक, डोळ्यांना त्रास न देणारा' असे छापलेले असते, आणि तो चालवणाऱ्या मंडळींपैकी अनेकांचाही त्यावर प्रामाणिक विश्वास असतो. म्हणून आज औषधाच्या गोळ्या बाजूला ठेवून थोडे पाण्याविषयी बोलू. पोहणाऱ्या मुलांच्या आजाराचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.

मिठाच्या तलावात क्लोरीन असतोच. फरक इतकाच की तो पिंपातून ओतत नाहीत, जागेवर तयार करतात. पाण्यात मीठ विरघळवायचे आणि ते पाणी एका यंत्रातल्या धातूच्या पट्ट्यांमधून न्यायचे. पट्ट्यांतून वीज गेली की मिठातला क्लोरीन सुटा होतो. शाळेत प्रयोगशाळेत विद्युत् विघटन शिकलात ना, तेच हे. हा क्लोरीन पाण्यात मिसळून हायपोक्लोरस आम्ल बनते आणि ते जंतू मारते. काम झाले की त्याचे पुन्हा क्लोराइड होते, म्हणजे मीठ संपत नाही. फिल्टर धुताना, गळतीतून आणि अंगाबरोबर बाहेर जाते तेवढेच कमी होते. आता गंमत बघा, आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जंतूंना मारण्यासाठी नेमके हेच हायपोक्लोरस आम्ल तयार करतात. तेव्हा क्लोरीन या शब्दाला घाबरण्याचे काही कारण नाही.

मिठाचे प्रमाणही समुद्रासारखे नसते. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, तलावात जेमतेम 3 ते 3.5 ग्रॅम. आपले अश्रूसुद्धा याहून खारट असतात. एवढ्याशा मिठाने एकही जंतू मरत नाही. म्हणजे यंत्र बंद पडले तर तलावात जे उरते ते थोडेसे खारट, उघड्यावरचे, शंभर जणांनी आंघोळ केलेले पाणी.

मग डोळे का लाल होतात? दोन कारणे मुख्य. पहिले, क्लोरीनची घाम आणि लघवी यांच्याशी गाठ पडली की क्लोरामाइन नावाची द्रव्ये होतात. तलावावर नाकात जाणारा उग्र वास येतो ना, तो याच द्रव्यांचा. 'वास येतोय म्हणजे औषध भरपूर टाकलेय' असे लोक समजतात. प्रत्यक्षात वास येतो तेव्हा पाणी घाण झालेले असते आणि कामाचा क्लोरीन बहुधा कमी पडलेला असतो. दुसरे कारण पाण्याचा पीएच, म्हणजे सामू. अश्रूंचा सामू 7.4 च्या आसपास असतो. तलावाचे पाणी 7.2 ते 7.8 या पट्ट्यात राहिले तर डोळ्यांची तक्रार नसते. ते 8 च्या वर गेले की चुरचुर सुरू होते.

नव्या तलावात नेमके हेच घडते. नव्या तलावाच्या भिंतींचा सिमेंटचा गिलावा अजून पक्का झालेला नसतो. त्यातला चुना कित्येक आठवडे पाण्यात उतरत राहतो आणि सामू वर ढकलत राहतो. त्यात आपल्याकडे तलाव भरायचा तो बहुधा बोअरच्या पाण्याने. ते जड, बायकार्बोनेटने भरलेले. आणि तिसरी गोष्ट यंत्राची. सोडावॉटरची बाटली फोडून ठेवली की वायू उडून जातो आणि सोड्याचा आंबट चटका कमी होतो. तसेच यंत्रात सुटणाऱ्या बुडबुड्यांनी आणि कारंज्यांनी पाण्यातला कर्बवायू उडून जातो आणि सामू आणखी चढतो. म्हणजे नवा तलाव, बोअरचे पाणी आणि मिठाचे यंत्र, तिघेही पाण्याला एकाच दिशेला ओढत असतात.

सामू चढल्याने नुसती चुरचुर होते असे नाही. क्लोरीन असून नसल्यासारखा होतो. सामू 7.5 असताना पाण्यातल्या क्लोरीनपैकी सुमारे निम्मा जंतू मारण्याच्या जोमदार रूपात असतो. 8 वर तो पावहिस्सा राहतो आणि 8.5 वर शंभरातले दहासुद्धा उरत नाहीत. यंत्राच्या डब्यावरचा हिरवा दिवा मात्र पेटलेलाच असतो. त्याला सामू कळत नाही, तो फक्त यंत्र चालू आहे एवढेच सांगतो.

मी त्या तलावावर एका रविवारी सकाळी जाऊन आलो. पाणी निळेशार, फरशी चकचकीत, बाजूला कुंड्या. तिथल्या देखभाल करणाऱ्या मुलाने अगत्याने सगळे दाखवले. तपासणीची पेटी होती, पण तिचे सील फोडलेले नव्हते! आम्ही दोघांनी ती उघडली, नळीत पाणी घेतले, फिनॉल रेडचे थेंब टाकले. नारिंगी-गुलाबी यायला हवे होते, आले गडद जांभळट लाल. पट्टीवरच्या शेवटच्या रंगाशी जुळणारे. तो मुलगा हुशार होता, चटकन समजला. त्याला कोणी शिकवलेच नव्हते. यंत्र विकणाऱ्याने बटण दाखवले आणि 'आता काही करायला नको' असे सांगून तो निघून गेला होता.

माझा आक्षेप या 'काही करायला नको' वर आहे. लाखो रुपयांचा तलाव बांधायचा, आयात केलेले यंत्र बसवायचे आणि पाण्याकडे बघायला जो माणूस ठेवायचा त्याच्याकडेच तिकिटे फाडणे, चपला सांभाळणे आणि बागेला पाणी घालणेही द्यायचे, हा हिशेब मला पटत नाही. यंत्र चांगलेच आहे. ऑस्ट्रेलियात घरोघरच्या तलावांत ते वर्षानुवर्षे वापरतात. पण घरच्या तलावात चार माणसे उतरतात आणि आपल्या उन्हाळी शिबिरात एका तुकडीला चाळीस मुले, अशा चार तुकड्या. यंत्र ताशी किती ग्रॅम क्लोरीन करते ते त्यावर लिहिलेले असते, ते किती गर्दीला पुरेल हे विकत घेतानाच विचारायला हवे. शिवाय वीज गेली की पंप बंद, यंत्र बंद, क्लोरीन बंद. आपल्याकडे वीज कधी जाते हे मी नव्याने सांगायला नको. म्हणून मिठाच्या तलावावरही द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटचा साठा हवाच.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकून झाल्यावर ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग बघतो, हे पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. खेड्यातल्या टाकीला जी शिस्त आहे ती शहरातल्या फी घेणाऱ्या तलावाला का नसावी? तलावासाठी मात्र ओटीपेक्षा डीपीडीची गोळी बरी. तिने गुलाबी रंग येतो आणि मोकळा क्लोरीन किती, क्लोरामाइनमध्ये अडकलेला किती हे वेगळे कळते. मोकळा क्लोरीन लिटरला किमान 1 मिलीग्रॅम, आणि उन्हापासून क्लोरीन वाचवणारे सायन्युरिक आम्ल घातले असेल तर किमान 2, असे अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र सांगते. आपल्याकडेही तलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस 3328 हे मानक छापलेले आहे. ते किती तलावांच्या कचेरीत सापडेल, हा प्रश्न वेगळा.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तलावाच्या दारात एक फळा असावा. त्यावर रोज सकाळी पहिल्या तुकडीआधी आणि दुपारी पुन्हा, वेळ घालून, दोन आकडे लिहावेत: सामू आणि मोकळा क्लोरीन. ज्या दिवशी फळा कोरा त्या दिवशी पालकांनी मुलाला पाण्यात उतरवू नये आणि फी परत मागावी. दहा पालकांनी विचारले की अकराव्या दिवशी फळा भरलेला दिसतो, हा माझा अनुभव आहे.

तलाव नवा असेल तर चालवणाऱ्यांसाठी चार गोष्टी. गिलावा नवा असताना मीठ घाईने ओतू नये. साधारण महिनाभर थांबावे आणि तोवर साधा द्रव क्लोरीन वापरावा. चार लाख लिटरच्या तलावाला बारा क्विंटल मीठ लागते, तेव्हा घालतानाही एका कोपऱ्यात ढीग करू नये. मीठ शुद्ध, कोरडे आणि बिगरआयोडीनचे घ्यावे. सामू खाली आणायला बाजारातले म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ते थोडे थोडे, पंप चालू ठेवून, तलावात कोणी नसताना घालावे, काही तासांनी पुन्हा तपासावे आणि मगच पुढचा डोस. पाण्यात आम्ल ओतायचे, आम्लात पाणी कधीही नाही. आणि हे आम्ल व क्लोरीनचे कुठलेही औषध एका बादलीत, एका मापात, एका फडताळात येऊ देऊ नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेऊ शकतो. क्लोरीनच्या दोन वेगवेगळ्या पावडरीही एकत्र करू नयेत, आग लागते. हातमोजे आणि चष्मा हे त्या मुलाला मालकाने घेऊन द्यायचे असतात, त्याने स्वतःच्या पगारातून नव्हे.

सायन्युरिक आम्लाचे एक लक्षात ठेवावे. उघड्या तलावात ते नसले तर भर उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातो, म्हणून ते लागते. पण लिटरला 30 ते 50 मिलीग्रॅमच्या फार वर गेले की क्लोरीन सुस्त होतो, आणि ते कमी करायला पाणी उपसून नवे भरण्यावाचून सोयीचा उपाय नाही. टँकरच्या दिवसांत तलाव उपसायची वेळ येणे ही शरमेची गोष्ट होईल. उपसलेले पाणी शेतात किंवा विहिरीजवळच्या नाल्यात सोडणे तर त्याहून वाईट. लिटरला 3 ग्रॅम मीठ असलेले पाणी जमिनीचे काय करते, हे पाटाच्या पाण्याने खारवट झालेल्या शेताच्या मालकाला विचारा.

आता आपली बाजू. डोक्याला खोबरेल चोपडून पाण्यात उडी मारायची आपली जुनी सवय विहिरीवर चालून गेली, तलावात चालत नाही. ते तेल क्लोरीन खाऊन टाकते. उतरण्याआधी साबण लावून आंघोळ आणि मुलांना लघवीला नेऊन आणणे, एवढ्याने निम्मा क्लोरामाइन टळेल असे मला वाटते. जुलाब होत असलेले मूल मात्र कोणत्याही परिस्थितीत पाण्यात नको. बहुतेक जंतू नीट राखलेल्या क्लोरीनमध्ये काही मिनिटांत मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा एक परोपजीवी आठवडाभराहूनही अधिक तग धरतो. त्याचे निदान झाले असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पोहणे बंद.

कान ठणकत असेल आणि कानाच्या पाळीला नुसते ओढले किंवा पुढचा उंचवटा दाबला तरी मूल कळवळत असेल, तर तो बाहेरच्या नळीचा दाह. त्यात लसणाचे कोमट तेल घालू नये, काडी किंवा केसांची पिन तर नकोच. कान कोरडा ठेवून डॉक्टरांना दाखवावा. डोळे लाल झाले तर स्वच्छ पाण्याने धुवावेत. दुसऱ्या दिवशीही लाली राहिली, पू येऊ लागला किंवा उजेड सहन होईना, तर घरातल्या जुन्या बाटलीतले थेंब घालत बसू नये. त्यात स्टिरॉइड असेल तर डोळ्याचे नुकसान होते.

एका निवृत्त शिक्षकांनी विचारले आहे की रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितले असताना अशा तलावात पोहावे का. जरूर पोहावे. कातडीतून मीठ आत जात नाही. चुकून घोटभर पाणी पोटात गेलेच तर त्यातून फार तर चिमूटभराहूनही कमी मीठ जाईल. त्यांच्या जेवणातल्या एका पापडात त्याहून जास्त असते, आणि पापडाबद्दल त्यांनी अजून मला विचारलेले नाही.