बँकेची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे जुनी माणसे सांगत आली. बँकेच्या पायरीविषयी मात्र ती काही सांगून गेली नाहीत. कारण खेड्यातल्या माणसाला ती चढण्याचा प्रसंगच फारसा येत नसे. १९६९ साली १४ आणि १९८० साली आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा खेड्यापाड्यांत पोहोचल्या. पण शाखा पोहोचली म्हणजे बँक पोहोचली काय?

गेल्या उन्हाळ्यात वडिलांबरोबर पीककर्जाच्या कामासाठी एका शाखेत जाण्याचा योग आला. चार उंच पायऱ्या, धरायला कठडा नाही. आत काचेची भिंत आणि तिला एक लहानसे भोक. साहेबांना ऐकू जावे म्हणून वडील मोठ्याने बोलत होते आणि साहेबही तितक्याच मोठ्याने विचारत होते, “मागची थकबाकी कधी भरणार?” मागे रांगेत आमच्याच गावची माणसे उभी होती. वडील घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. साहेब वाईट नव्हते. दोष त्या काचेचा होता.

वास्तुरचना हा काही आपल्या अभ्यासक्रमातला विषय नव्हे. तरीही तेव्हापासून मनात येते, की सगळ्या बँका एकाच साच्याच्या का असाव्यात? लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडला सर जॉन सोन यांनी बाहेरून खिडकी नसलेली भिंत घातली. देशाचे सोने राखणाऱ्या बँकेला ते शोभलेही. आपल्या रिझर्व्ह बँकेतही सामान्य माणसाचे खाते नसते. ती बँकांची बँक. तिच्या दिल्लीच्या इमारतीच्या दाराशी रामकिंकर बैज यांनी घडवलेले यक्ष-यक्षी उभे आहेत. धनाच्या राखणदारांची ती जागाच आहे. परंतु तालुक्याच्या शाखेने किल्ल्याचे सोंग कशासाठी घ्यावे?

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ओवाटोना या लहान गावी लुई सलिव्हन यांनी १९०८ साली शेतकऱ्यांची बँक बांधली. आत भिंतीवर गाई आणि शेतीची चित्रे आहेत. शेतकऱ्यांना बसण्या-बोलण्यासाठी आणि स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या त्या आराखड्यातच होत्या. गिऱ्हाईक कोण, हे आधी पाहून मग भिंती उभारल्या गेल्या.

आपल्याकडे हेच का होऊ नये? शहरातल्या नोकरदाराला दोन मिनिटांत बाहेर पडायचे असते. त्याला अरुंद जागा पुरेल. पीककर्जासाठी आलेल्या शेतकऱ्याचा अर्धा दिवस जातो. त्याला सावलीचा ओटा, पिण्याचे पाणी आणि बसून अर्ज लिहिता येईल असे मेज हवे. पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्यांना उतार आणि कठडा हवा; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यालाही सार्वजनिक इमारती सर्वांना सुगम असाव्यात हेच अभिप्रेत आहे. महिलांच्या बँकेत लेकराला निजवायला कोपरा हवा. आणि कर्जाची गोष्ट बोलायला, मग बँक कुठलीही असो, दार लावता येईल अशी एक खोली हवी.

कोणी म्हणेल, सुरक्षिततेचे काय? तिजोरीची खोली पोलादी असू द्या. रोकड मोजणाऱ्यापुढे काचही राहू द्या. पण कर्जाच्या मेजावर पैसे नसतात, फक्त माणसाची अब्रू असते. दुसरा म्हणेल, आता सारे मोबाईलवर होते, इमारती हव्यात कशाला? खरे आहे; पण ज्यांना मोबाईलवर जमते ते येतच नाहीत. जे अजून पायरी चढून येतात ते म्हातारे, निरक्षर आणि कर्जाची गरज असलेले. म्हणजे उरलेली इमारत त्यांचीच.

ती बांधणाऱ्यांनी आराखडा काढण्यापूर्वी एक सकाळ त्या रांगेत उभे राहावे, एवढेच माझे नम्र मागणे आहे. पुढच्या हंगामात वडिलांना पुन्हा जायचे आहे. या वेळी ते म्हणाले, “तूच जा.”